सासूबाईंची पट्टी चालते, मग मामंजींची का नाही?

पत्र थोडक्यात असं:

‘मावशी, नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो. सासरे ७४ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त, तरुणपण तालमीत गेलेलं. बारा वर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे. गेल्या महिन्यात बी-१२ तपासलं, १४० आलं. पायाला मुंग्या येतात. डॉक्टरांनी इंजेक्शनं सांगितली तर “सुई नको” म्हणून अडून बसलेत, आणि गोळ्या आधीच दिवसाला नऊ. आमच्या वन्संनी भिशीतल्या मैत्रिणीकडून व्हिटॅमिनच्या पट्ट्या आणल्यात. बी-१२, डी, लोह, कॅल्शिअम सगळं एकात. रात्री तळपायाला चिकटवायची, सकाळी काढायची. महिन्याचं पाकीट १८०० रुपयांचं. मला पटत नाही, पण मामंजी म्हणतात, “तुझ्या सासूला डॉक्टरनंच पट्टी दिलीय न्हवं? तिची चालती, मग माझी का न्हाई?” मला उत्तर देता आलं नाही.

सासूबाईंना विसरण्याच्या आजारावर रिवास्टिग्मिनची पट्टी रोज पाठीवर लावतो. कधी मी लावते, कधी मामंजी, कधी कामाला येणाऱ्या मावशी. जुनी काढायची राहून जाते. परवा अंघोळ घालताना पाठीवर तीन निघाल्या. चार दिवस त्यांना मळमळतंय, जेवण जात नाही. पित्त असेल. पाठ दुखते म्हणून रात्री शेकाची पिशवी देतो. तर मामंजींच्या पट्टीचं काय करू?’

ताई,

पत्र वाचलं आणि उत्तर लिहीत बसायच्या आधी तुम्हाला फोन लावला, तो का ते आता तुम्हाला कळलंच आहे. मूळ पत्र चार पानांचं. साडेतीन पानं मामंजींच्या पायावर आणि सासूबाई शेवटच्या चार ओळींत, ‘पित्त असेल’ म्हणून निकालात काढलेल्या. माझी झोप उडाली ती त्या चार ओळींनी. तुम्ही त्याच संध्याकाळी त्यांना डॉक्टरांकडे नेलंत, नाडी मिनिटाला ४८ भरली, औषध थांबवलं आणि दोन दिवसांनी पेज पोटात राहू लागली, हे ऐकलं तेव्हा जीव भांड्यात पडला. छापायला परवानगी दिलीत म्हणून आता सविस्तर लिहिते. पाठीवर अशी पट्टी असलेली म्हातारी माणसं कोल्हापुरात काही तुमच्या एकट्याच्या घरी नाहीत.

फोनवर घाईत सांगितलं ते इतरांसाठी पुन्हा. पाठ, दंड, छाती सगळं बघून असतील तेवढ्या पट्ट्या काढायच्या, ती जागा पाण्याने धुवायची, नवी लावायची नाही, शेक बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. चक्कर, शुद्ध हरपणे, झटका किंवा फारच मंद नाडी असेल तर ओळखीच्या डॉक्टरांची वाट न बघता थेट सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळ असेल त्या मोठ्या दवाखान्यात.

हे पित्त नव्हतं. रिवास्टिग्मिन मेंदूतलं अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लवकर मोडू देत नाही. मेंदूतले निरोप या रसायनावर चालतात, म्हणून आठवण थोडी धरून राहते. पण तेच रसायन आतड्यावर आणि हृदयावरही काम करतं. औषध जास्त झालं की आधी मळमळ, उलटी, जुलाब, अन्नावरची वासना जाणं. मग नाडी मंदावते आणि माणूस उभ्या जागी कोसळू शकतो. तुम्ही हिशेब केलात तो असा, की आजची एक पट्टी चालू आणि काल-परवाच्या दोन रिकाम्या. तो हिशेब चुकतो. दिवसाला ९.५ मिलिग्रॅम औषध सोडणाऱ्या पट्टीत मुळात १८ मिलिग्रॅम भरलेलं असतं. औषध कातडीत एका दराने उतरत राहायचं तर पट्टीत मागे साठा लागतो, पाण्याच्या टाकीसारखा. टाकी निम्मी झाली तरी नळाला पाणी येतच असतं. कालची पट्टी आज अर्धी भरलेली असते, हे लक्षात ठेवा.

त्यात शेकाची पिशवी. ऊब लागली की कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पट्टीतलं औषधही भराभर सुटतं. सासूबाईंची पाठ तुम्ही मायेने शेकलीत आणि त्याच पाठीवर तीन पट्ट्या होत्या. कॅन्सरच्या वेदनेवर फेंटॅनिलची पट्टी देतात, तिथे तर शेक जिवावर बेतू शकतो. वापरून टाकलेली फेंटॅनिलची पट्टी लहान मुलाने अंगाला चिकटवली, तोंडात घातली आणि मूल गेलं, अशा घटना परदेशात नोंदलेल्या आहेत.

तुम्हाला दोष देत नाही. द्यायचाच तर आधी मी माझ्या पदरात घेईन. औषधांच्या दुकानात मी एकतीस वर्षं उभी होते. सुरुवातीच्या काळात एका बाईंना छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रोग्लिसरिनच्या पट्ट्या दिल्या. ‘रोज एक लावायची’ एवढंच म्हणाले. ‘आदली काढायची’ म्हणाले नाही, कारण ते सांगायला लागेल असं वाटलंच नाही. पाचव्या दिवशी बाई डोकं धरून दुकानाच्या पायरीवर बसल्या. पदर बाजूला केला तर छातीवर पाच पट्ट्या, एकाखाली एक. सूचना पाकिटावर होत्या, इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. त्या वाचल्या आणि मी सुधारले. गोळी गिळली की दिसेनाशी होते, पट्टी मात्र लावणाऱ्यालाच काढावी लागते.

आता मामंजींचा प्रश्न. तुमच्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचं आहे, हे त्यांना जरूर सांगा. तिची चालते, मग माझी का नाही?

कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. जाडी मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा हिस्सा. चपट्या पेशी विटांसारख्या एकावर एक रचलेल्या आणि सांध्यात चुन्याच्या जागी स्निग्ध द्रव्यं. जुलैत आपल्याकडे पाऊस चार-चार दिवस हलत नाही, पंचगंगा पात्राबाहेर येते, माणसं दिवसभर चिंब भिजून कामं करतात, तरी पाणी अंगात झिरपत नाही, ते या थराच्या जिवावर. बाहेरचं आत येऊ न देणं हे कातडीचं कामच आहे. तिच्यातून औषध घालायचं म्हणजे तटबंदीला फट शोधायची. ती फट त्या तेलकट चुन्यातून जाते. म्हणून तेलात विरघळणारं आणि लहान रेणूचं द्रव्य सरकत आत जातं. पाण्यात विरघळणारं किंवा थोराड रेणूचं बाहेरच बसून राहतं.

हे तुम्हाला प्रयोगशाळेत जाऊन बघायला नको. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसणाची चटणी घालता ना? मिरच्यांची देठं खुडून झाली की रात्रभर बोटं भगभगतात. साध्या पाण्याने कितीही धुवा, आग हटत नाही. गोडंतेल चोळलं की जरा उतरते. मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळणारं, रेणूचं वजन ३०५ डाल्टन. हायड्रोजनचा एक अणू म्हणजे साधारण एक डाल्टन, त्या मापाने. हे कॅप्सेसिन कातडीत शिरून नसांच्या टोकांना जाऊन भिडतं. त्याचीच आठ टक्क्यांची पट्टी नसांच्या चिवट दुखण्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली लावतात. अमेरिकेत तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. लवंगी मिरचीचा ठसका जगाला सांगणाऱ्या कोल्हापुराने हे ऐकून खरं तर हसायला हवं.

दुसरं उदाहरण निपाणी-कागलकडच्या वाचकांना जवळचं. तंबाखूच्या हिरव्या, दवाने ओल्या पानांत उघड्या हातांनी दिवसभर काम केलं की तंबाखू न खाताही मळमळ, डोकेदुखी, गरगरणं सुरू होऊ शकतं. निकोटिन १६२ डाल्टनचं, कातडीतून सहज जाणारं. त्याच गुणावर विडी-सिगारेट सोडवायची निकोटिनची पट्टी बनली आणि १९९१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पिकावर मारायच्या काही कीटकनाशकांचंही तेच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकरी-मजुरांचे जीव गेले तेव्हा विष श्वासातून गेलं तसं कातडीतूनही गेलं होतं. तेव्हा ‘कातडीतून काय जातंय’ असं म्हणायची सोय नाही. जायचं ते जातं, चांगलं-वाईट न बघता.

डॉक्टरी पट्टीचा जन्म १९७९ चा. पहिली मान्यता मिळालेली पट्टी गाडी लागण्यावरची, स्कोपोलामिनची. कानामागे लावायची, तीन दिवसांत मिळून एक मिलिग्रॅम सोडायची. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना पिशवी हातात धरून बसणाऱ्यांना तिचं मोल कळेल! हे स्कोपोलामिन आपल्या उकिरड्यावरच्या धोतऱ्यातही असतं. आमच्या लहानपणी कंबर धरली की बेलाडोनाचं प्लास्टर लावायचे, ते त्याच कुळातलं.

या सगळ्या यशस्वी पट्ट्यांत एक साम्य आहे आणि मामंजींना तेच समजावून सांगा. स्कोपोलामिन ३०३ डाल्टन, नायट्रोग्लिसरिन २२७, सासूबाईंचं रिवास्टिग्मिन २५०. सगळे लहान, सगळे तेलाशी सलगी करणारे, आणि दिवसाला थोडक्या मिलिग्रॅममध्ये भागणारे. ही तिसरी गोष्ट लोक विसरतात. कातडीतून दिवसाला जेमतेम वीसेक मिलिग्रॅम गेलं तर डोक्यावरून पाणी. जे औषध इतक्या कमी मापात पुरतं तेच पट्टीत घालण्यात अर्थ असतो. २००० साली दोन डच त्वचातज्ज्ञांनी हे सगळं बघून एक ढोबळ मर्यादा मांडली: साधारण ५०० डाल्टनच्या वरचा रेणू धड कातडीतून जात नाही. रिवास्टिग्मिन गोळीतून दिलं की रक्तात एकदम उसळी मारायचं आणि उलट्या व्हायच्या. पट्टीने तो त्रास खूप कमी झाला. म्हणून सासूबाईंना पट्टी. त्यांना गोळ्या गिळायचा कंटाळा आला होता म्हणून नव्हे.

आता मामंजींचं पाकीट उघडू. बी-१२ चा रेणू १३५५ डाल्टनचा, वर पाण्यात विरघळणारा. दारातून हत्ती न्यायचा प्रकार. कॅल्शिअम रोज सुमारे १००० मिलिग्रॅम म्हणजे एक ग्रॅम लागतं. तुमची ती पट्टी तराजूत टाकलीत तर सगळी मिळून तरी तेवढी भरेल का बघा! शिवाय कॅल्शिअम आणि लोह हे विद्युतभार असलेले कण, तेलकट सांध्यांतून त्यांना वाट नाही. व्हिटॅमिन डी तेवढं लहान आणि तेलात विरघळणारं आहे, पण ते अंगात घालायला आठवड्याची एक गोळी पुरत असताना पट्टीची यातायात कशाला? आणि डी तर कातडी उन्हात स्वतःच बनवते. लोहाचं एक ध्यानात ठेवा: चौऱ्याहत्तरीच्या पुरुषाला लोह कमी पडत असेल तर ते का पडतंय, कुठून रक्त जातंय का, हे आधी शोधावं लागतं. ते पट्टीने झाकायचं दुखणं नाही.

पाकिटावर काय लिहिलंय तेही वाचा. सासूबाईंच्या पट्टीवर ‘२४ तासांत इतके मिलिग्रॅम’ असं सापडेल. म्हणजे अंगात किती उतरतं ते कुणीतरी माणसांच्या रक्तात मोजलेलं आहे. व्हिटॅमिनच्या पट्टीवर बहुधा पट्टीत काय काय भरलंय याची यादी असते. बरणीत किती लोणचं आहे आणि ताटात किती आलं, एवढा त्यात फरक.

आणि तळपाय! ज्याने कोणी ही जागा सुचवली त्याने अख्ख्या शरीरातली जवळपास सगळ्यात नापीक जमीन निवडली. १९६७ मध्ये दोन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध अंगाच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागावर एक धरलं तर तळपायाला ०.१४, म्हणजे सातवा हिस्सा. कपाळाला सहा, जबड्याच्या कोपऱ्याला तेरा, आणि पुरुषांच्या अंडकोषावरच्या कातडीला बेचाळीस. हा शेवटचा आकडा लिहिताना मला संकोच नाही. पावसाळ्यात जांघेतल्या खाजेवर दुकानातून विचारून आणलेली ट्यूब महिनोन्महिने चोळणारे पुरुष मी रोज बघितलेत. त्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा कडक स्टिरॉइड असतं. नायटा वरवर बसतो, आतून पसरतो, कातडी कागदासारखी पातळ होते. आपण ट्यूबला ‘वरून लावायचं, काय होतंय’ म्हणतो आणि पट्टीला ‘अंगात जातंय’ म्हणतो. अंगाला मात्र ट्यूब काय आणि पट्टी काय.

मामंजी यावर म्हणतील, तालमीत तेल अंगात मुरायचं ते? तेल बहुतेक वरच्या थरातच राहतं. कातडी मऊ पडते, वळ कमी उठतात, मालीश करणाऱ्या हाताने स्नायू मोकळे होतात, मालीश उत्तमच. आखाड्याच्या लाल मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालतात, तेही मातीला आणि कातडीला मानवतं. पण पैलवानाच्या दंडातली ताकद बदाम, दूध आणि मटणाची, आणि ती तोंडातून गेलेली. खासबागेच्या मैदानात कोणी नुसतं तेल चोळून कुस्ती मारलेली नाही.

मटणावरून आठवलं. तुम्ही पत्रात जराशा आश्चर्याने लिहिलंय की घरात आठवड्याला तांबडा-पांढरा होतो, तरी बी-१२ कमी कसं? बी-१२ कमी म्हणजे शाकाहारी, असं आपण धरून चाललोय. खाल्लेलं बी-१२ पोटातल्या आम्लाने अन्नापासून सुटं होतं आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला रक्तात जातं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की त्या शेवटच्या टप्प्यात खोट येऊ शकते. आणि त्या नऊ गोळ्यांत सकाळी उपाशीपोटी घ्यायची पित्ताची गोळी असेल, पँटोप्राझोल किंवा तिची भावंडं, तर पहिल्या टप्प्यातही. म्हणजे मटण ताटात आहे, पण बी-१२ पोटातून पुढे जात नाही. मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका हं. बी-१२ भरून काढायचं असतं, साखरेची गोळी टाकायची नसते. पित्ताची गोळी मात्र कधी, कोणी, कशासाठी सुरू केली हे घरात कुणाला आठवतं का, ते विचारा. कित्येक घरांत ती गोळी भाडेकरूसारखी आलेली असते आणि मालक झालेली असते.

१४० चा आकडा कमीच आहे. २०० च्या खाली गेलं की डॉक्टर कमतरता धरतात. पायाला मुंग्या येतात म्हणजे नसांनी तक्रार सुरू केली आहे. मधुमेहानेही मुंग्या येतात, बी-१२ नेही. दोघांत कोण किती ते डॉक्टर ठरवतील. पण बी-१२ ची कमतरता फार दिवस तशीच राहिली तर नसांची हानी पूर्ण भरून येत नाही. त्या पट्टीवर माझा खरा राग आहे तो यासाठी. पट्टी विषारी नाही, फार तर चिकटाने खाज सुटेल. पण ‘काहीतरी चालू आहे’ या समाधानात सहा महिने जातील, आणि ते सहा महिने परत मिळत नाहीत. १८०० रुपये महिना म्हणजे वर्षाला २१,६००. त्या पैशात इंजेक्शनं होतील, ती टोचणाऱ्या सिस्टरची फी होईल आणि उरलेल्या पैशात मामंजींना गंगावेशीतल्या कट्ट्यावर रोज धारोष्ण दूध पिता येईल. साखर बघून, अर्थात.

सुईबद्दल. पहिली काही इंजेक्शनं मामंजींनी घ्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे, पायाला मुंग्या आहेत म्हणून. साठा भरला की पुढे गोळीवर राहता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. बऱ्याच जणांना येतं. मोठ्या मात्रेच्या गोळीतलं साधारण एक टक्का बी-१२ आतड्याच्या नेहमीच्या वाटेशिवायही झिरपून रक्तात जातं. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतले दहाएक मायक्रोग्रॅम. शरीराला रोज लागतात दोन-अडीच. म्हणजे जे काम कातडी करू शकत नाही ते बिघडलेलं आतडंही करतं. ‘दहावी गोळी नको’ म्हणत असतील तर सगळ्या नऊच्या नऊ गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता आणि यातली कुठली कमी करता येईल ते विचारा. चांगले डॉक्टर रागावत नाहीत, उलट त्यांना बरं वाटतं. गुडघ्याला चोळायचा बामही त्या पिशवीत टाका. मिथाइल सॅलिसिलेटचा उग्र वास येणारा बाम असेल आणि मामंजींच्या गोळ्यांत रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन असेल, तर भरपूर बाम चोळल्याने रक्तस्राव वाढू शकतो. पाहा, पुन्हा कातडीच.

आता सासूबाईंची पट्टी. ती डॉक्टर पुन्हा सुरू करतील तेव्हा सगळ्यात लहान मापापासून करतील, कारण तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला की मागच्या मापावर थेट जायचं नसतं. घरात मागच्या पट्ट्या उरल्या असतील, ‘वाया कशाला घालवायच्या’ म्हणून त्या लावू नका. कात्रीने अर्धी करून तर मुळीच नको.

माझी एक सूचना आहे, ती तुम्हाला विचित्र वाटेल. पट्टीचं काम तिघांत वाटू नका, एकट्या मामंजींकडे द्या. तीन हात लागले की प्रत्येकाला वाटतं, काढायचं काम दुसऱ्याने केलं असेल. मामंजी अजून पहाटे उठून सूर्यनमस्कार घालतात असं तुम्हीच लिहिलंय. ज्या माणसाने उभ्या जन्मात तालमीची वेळ चुकवली नाही, तो पट्टीचीही चुकवणार नाही. अंघोळीनंतर अंग कोरडं झालं की आधी जुनी काढायची आणि हातात धरायची. जुनी हातात आल्याशिवाय नव्या पट्टीचं पाकीट फाडायचं नाही. जुनीची चिकट बाजू आत दुमडून, नव्या पट्टीच्या रिकाम्या पाकिटात घालून, नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशा कचऱ्यात. नव्यावर लावायच्या आधी बारीक बॉलपेनने वार लिहायचा. जागा रोज बदलायची, त्याच जागेवर चौदा दिवस परत नाही; पाठीचा वरचा, खालचा भाग, दंड, छाती एवढं क्षेत्र आहे. लावायच्या जागी तेल, पावडर, मलम काही नको. दिवाळीत सासूबाईंना अभ्यंग घालाल तेव्हा पट्टीची जागा सोडून तेल लावा, नाहीतर पट्टी गळून पडेल आणि कोणाला कळणार नाही. लावून झाली की तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायची, मग मामंजींनी साबणाने हात धुवायचे आणि तो हात त्याआधी डोळ्याला लावायचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर फुली. पाठदुखीला शेक हवाच असेल तर पट्टी दंडावर आणि शेक कंबरेला, तेही डॉक्टरांना विचारून. आणि कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आत जाण्याआधी पट्टी असल्याचं सांगा. काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ पत्रा असतो, तो तापून भाजतं.

वन्संचं राहिलं. त्यांना खोटं पाडायला जाऊ नका. वडिलांच्या काळजीपोटी त्यांनी पदरचे पैसे घातलेत, आणि विकणारी मैत्रीणही बहुधा तिच्या वर कोणीतरी सांगितलेलं पाठ म्हणत असेल. वाद घालण्यापेक्षा एक करा. वन्संना म्हणा, ‘तीन महिन्यांनी बी-१२ पुन्हा तपासायचंच आहे, त्या दिवशी मामंजींना तुम्हीच घेऊन जा.’ तोवर इंजेक्शनं चालू झालेली असतील, आकडा चढलेला असेल. श्रेय पट्टीने घेतलं तरी हरकत नाही, फक्त दुसरं पाकीट येता कामा नये; ते तुम्ही बघा. पैलवानाला सुईची भीती वाटते हे मात्र वन्संनाच बोलू द्या. लेकीने म्हटलं तर हसून घेतील, सुनेने म्हटलं तर चार दिवस जेवताना बोलणार नाहीत.

सासूबाईंना पुढच्या सोमवारी दाखवायला नेणार आहात ना? नाडी किती भरली आणि कुठल्या मापाची पट्टी दिली, तेवढं दोन ओळीत कळवा. फोन केलात तरी चालेल, दुपारी तीननंतर.

तुमची,
मावशी